बुर्गलचा टेकू

त्या दिवशी रोझिना दोन कामांसाठी खाली गावात गेली होती. गिरणीतून राय धान्याचं पीठ आणायचं होतं आणि आल्फोन्सच्या दुकानातून बंदुकीला लावायचा बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, घ्यायचा होता. ऑक्टोबरची सकाळ होती. गुरं वरच्या कुरणांवरून उतरून गोठ्यात आली होती आणि डोंगरावर शिकाऱ्यांचे दिवस सुरू झाले होते. रोझिनानं वसंतातच शिकारीची परीक्षा दिली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी, वर्गात पोरासोरांच्या शेजारी बसून.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या आल्फोन्सला सगळं खोरं काका म्हणायचं. त्यानं चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, "जमीन सांग. मग पाय सांगतो."

त्यानं फळीवर तीन टेकू मांडले. एक आखूड पायांचा, उघड्या खडकावर पालथं पडून नेम धरायला. दुसऱ्याचे पाय लांब, कारण कुरणात गवत नळीसमोर येतं. तिसऱ्याची मान कलायची आणि दोन्ही पाय वेगवेगळे लांब करता यायचे. तो उतारासाठी.

"सगळीकडं चालेल असा एकच द्या ना, काका."

"टेकू म्हणजे काय नवरा आहे, एकदा घेतला की सगळीकडं चालवून घ्यायचा?"

"नवरा तरी कुठं चालतो सगळीकडं," रोझिना म्हणाली. दोघंही हसली. मग फळीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत तिनं विचारलं, "बुर्गल कोणता वापरायची?"

आल्फोन्सचं हसू तिथंच थांबलं.

बुर्गल म्हणजे रोझिनाच्या नवऱ्याची, कोर्बिनिअनची पहिली बायको. आठ वर्षांपूर्वी, सप्टेंबरअखेरच्या धुक्यात, ती कड्यावरच्या आपल्या नेहमीच्या जागेवरून खाली कोसळली. त्या जागेला आता सगळे बुर्गलची बैठक म्हणत. खोऱ्यात तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. रोझिनाच्या घरात, जिन्यापाशी, तिचा फोटो अजून लावलेला होता. शिकार झाली की सोबत्यानं झाडाची डहाळी मोडायची, जनावराच्या रक्ताला टेकवायची आणि मारणाऱ्याला टोपीत खोवायला द्यायची. दुसरी डहाळी मेलेल्या जनावराच्या तोंडात ठेवायची, शेवटचा घास म्हणून. फोटोत बुर्गलच्या टोपीत ती डहाळी होती आणि चौकटीच्या कडेला, डहाळी नुकतीच सोडलेला, कोर्बिनिअनचा हात होता.

दर शनिवारी रोझिना तो फोटो पुसायची आणि दर शनिवारी त्या हाताशी तिचं फडकं अडायचं. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेली सवत म्हातारी होत नाही, तिचं सार खारट होत नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत. कोर्बिनिअन बुर्गलबद्दल कधी बोलायचा नाही आणि रोझिनाला त्या न बोलण्याचाच जास्त राग यायचा. सारा डोंगर त्यानं तिला दाखवला, पण बैठकीवर तो तिला कधी घेऊन गेला नाही. एकदा, फक्त एकदा, त्याच्या हातची डहाळी आपल्या टोपीत लागावी, एवढ्यासाठी तिनं बंदूक हातात धरली होती.

"काका, मी विचारलं काहीतरी."

आल्फोन्स नाइलाजानं खाली वाकला आणि त्यानं खणातून कापडात गुंडाळलेला टेकू काढला. "तिनं सांगितला तसा मी करून दिला होता. डाव्या पायाला खिळा, शेवाळात रुतायला. उजव्याला रबरी तळवा, दगडावर न घसरायला. आणि डावा पाय चार खाचा लांब. असा टेकू इतर कुठं चालत नाही, पोरी. एका जागेचाच तो. मी तिला म्हटलंसुद्धा, गाम्स काय रोज त्याच दगडावर येतो का?"

गाम्स म्हणजे कड्यांवरचा रानबोकड. तो दोन दिवस एका जागी दिसत नाही, हे परीक्षेच्या अभ्यासात पहिल्याच धड्यात होतं.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मी बघते ते रोज येतं." आल्फोन्सनं कापड पुन्हा गुंडाळायला घेतलं. "ती गेली तेव्हा बंदूक तिथं कड्यावर तशीच याच्यावर उभी होती. कोर्बिनिअननं टेकू काढून माझ्याकडं टाकला. म्हणाला, खोऱ्यात कुणाला देऊ नका."

"मी कुणी परकी नाही. मी त्याची बायको आहे," रोझिना म्हणाली.

घरी येऊन तिनं टेकू आपल्या बंदुकीला लावला, दोन्ही पाय सारखे केले आणि बंदूक कपाटात ठेवून कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर डावा पाय चार खाचा बाहेर आलेला होता. तिनं तो आत सारला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. कुलपाची दुसरी किल्ली फक्त कोर्बिनिअनकडे होती. जेवताना सारातला पिठाचा गोळा चमच्यानं मोडत ती म्हणाली, "तिची वस्तू हाताळायची तर उघड हाताळ की. मी घरात नसताना कशाला?"

"कसली वस्तू?"

तिनं टेकू आणून टेबलावर ठेवला. कोर्बिनिअनचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"हा परत देऊन ये, रोझी."

"का? तिचं माझ्या हाती लागू नये म्हणून?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तो गप्प बसला. तेच ते गप्प बसणं. शेवटी म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर चल. वरच्या कुरणात जाऊ. पण तिथं हा चालणार नाही, लांब पायांचा लागतो."

"मला हाच चालेल," ती म्हणाली.

रविवारी दुपारी ते वरच्या कुरणात पोचले. रोझिनाला तिथला दगड न् दगड ओळखीचा होता. लग्नाआधी, बुर्गल असताना, दोन उन्हाळे ती तिथल्याच खोपटात राहून गाई सांभाळायची, लोणी-चीज करायची. कोर्बिनिअन तेव्हा अधूनमधून ताकासाठी यायचा. उंबऱ्यावर बसायचा आणि उठायला उशीर करायचा. वावगं काही झालं नव्हतं. निदान रोझिना स्वतःला तसं सांगायची.

कुरणाच्या वरच्या कडेला तीन गाम्स दिसले. ती गवतात पालथी झाली. दोन्ही पाय तिनं सारखे लांब केले, खाचेत बसल्याचा खट् आवाज ऐकला आणि गालाला बंदूक लावली. तेवढ्यात डावा पाय हळूच सरकला. उजवा मिटला. बंदूक कलली, नळी दगडावर वाजली आणि गाम्स कड्यामागे गेले.

"असू दे," कोर्बिनिअन म्हणाला. "धुकं चढतंय. मी खोपटात चूल पेटवतो, तू ये सावकाश."

तो गेला, पण रोझिना त्याच्यामागे गेली नाही. गाम्स गेले होते ती वाट बैठकीकडे जात होती. तिला वाटलं, नाही नेलं तर नाही, माझी मी जाईन. तिच्याच जागेवरून मारीन, मग तर डहाळी द्यावीच लागेल.

अर्ध्या तासानं ती कड्यावर पोचली, तेव्हा धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं. ओल्या दगडाचा आणि खुरट्या देवदारांच्या चिकाचा वास येत होता. बैठक म्हणजे माणूस आडवा होईल एवढाच दगड होता. तिनं बंदूक ठेवली. डावा पाय खालच्या शेवाळात रुतला, उजवा दगडावर बसला. कुठलीही कळ दाबावी लागली नाही. बंदूक पाण्यासारखी समतल होती.

ती आडवी झाली. सगळीकडे ओल होती, पण तिच्या अंगाखालचं शेवाळ मात्र कोरडं होतं. आणि कोमट... कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं. देवदाराच्या वासात आता आणखी एक वास मिसळला होता, खांद्याला चोळायच्या अर्निकाच्या मलमाचा. रोझिनाचा खांदा कधी दुखत नव्हता.

तिनं बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. धुकं मधोमध फाटलं. समोर गाम्स नव्हता. कडाही नव्हता. एक दार होतं. दारावरची लाकडी खिट्टी, शेजारी दुधाची बादली अडकवायचा वाकडा खिळा... तो खिळा तिनं स्वतः ठोकला होता, खोपटात राहायची तेव्हा.

बुर्गल रोज काय बघत होती ते रोझिनाला कळलं. माणसाकडे बंदुकीच्या दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही, हे परीक्षेच्या वर्गात दहादा बजावलं होतं. ती डोळा काढायला गेली, पण डोळा निघेना.

दार उघडलं. कोर्बिनिअन बाहेर आला. त्याची दाढी काळीभोर होती. त्याच्यामागून निळा एप्रन घातलेली एक बाई आली, हात पुसत, काहीतरी बोलून हसत. तो उंबऱ्यावर रेंगाळला. तिनं त्याच्या बाहीवरची गवताची काडी काढली. एवढंच. पण रोझिनाच्या छातीत असा काही जाळ उठला की तिचे दात करकरले. कोण ही? कोण ही हसणारी? माझ्या माणसाच्या बाहीला हात लावणारी...

ती हसणारी बाई रोझिना स्वतःच होती. आठ वर्षांनी लहान असलेली. हा मत्सर रोझिनाचा नव्हता, पण तो तिच्या छातीत असा बसला होता जसा तो टेकू त्या दगडावर.

"श्वास सोड..." कानाशी कुणीतरी म्हणालं. आवाज शांत होता, शिकवणाऱ्या बाईसारखा. "आता... हळूच..."

तिचं बोट चापावर होतं. ते तिथं कधी गेलं ते तिला कळलं नव्हतं. सगळं बळ एकवटून तिनं हात मागे ओढला, बंदूक उचलली आणि धुक्यातून पडत-धडपडत खाली निघाली. तोंडात कडू चव आली होती. भीतीनं तोंड कडू होतं, असं ती ऐकून होती.

खोपटाच्या दारात कोर्बिनिअन उभा होता. दाढी पांढरी, नेहमीची. मागे चुलीचा धूर.

"एकच बार ऐकला," तो म्हणाला. "काय पडलं?"

"मी बार काढलाच नाही."

त्यानं बंदूक हातात घेऊन उघडली. सगळी काडतुसं जागच्या जागी होती. नळी थंड होती. पण टेकूकडे बघून तो थबकला. दोन्ही पाय सारखे, पूर्ण मिटलेले होते. काम झाल्यावर मिटतात तसे.

"तू तिथं गेलीस," तो म्हणाला.

"ती कुठं बघत बसायची... तुला ठाऊक होतं?"

"ती गेली त्या दिवशी बंदूक आणायला मीच गेलो होतो. उचलायच्या आधी डोळा लावून बघितलं, तर समोर हेच दार." त्यानं बंदूक भिंतीला टेकवली. "काय सांगणार होतो तुला? आणि कुणाला सांगणार होतो?"

"मला वाटायचं, तिच्या आठवणीनं गप्प बसतोस."

"आठवणीनं नाही, रोझी. लाजेनं."

इतकी वर्षं तिनं पोटात बाळगलेला दगड असा एका वाक्यानं निघाला. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग तिला ठसका लागला. त्यानं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि त्याचा हात तसाच थांबला.

"रोझी... तोंडात काय आहे तुझ्या?"

ती कडू चव अजून गेली नव्हती. तिनं दोन बोटं गालाच्या आत घातली आणि बाहेर काढली. बोटांत देवदाराची पेराएवढी डहाळी होती, ताजी, हिरवीगार, नुकतीच कुणीतरी मोडलेली.