दोन्ही हात

मोबाईल ठेवा रे खिशात. आणि दात काढायचे असतील तर आत्ताच उठा, माझं काही अडलेलं नाही.

माझ्या जोडीदाराची गोष्ट. मी अँब्युलन्स चालवायचो, तो मागे पेशंटपाशी. कोणीही येवो, हा आधी मानेला तो कडक पट्टा, कॉलर चढवणार. म्हणून सगळे त्याला कॉलरभाऊ म्हणायचे. चालायचाही कॉलर ताठ करून!

एकदा विशीतला एक मुलगा घेतला. मानेत सुरीचा वार. अरे, तिथं जखम दाबून धरायची, मान डोळ्यांसमोर उघडी ठेवायची! ह्यानं पट्टा आवळला. पोरगं 'काढ... काढ...' करत पट्टा ओढायला लागलं, तर ह्यानं त्याचे हात स्ट्रेचरला बांधले. पट्ट्याच्या आत रक्त साचत गेलं, मान सुजली, श्वास कोंडला. दवाखान्याच्या दारातच जीव गेला त्याचा.

त्याची आई धावत आली. लेकाकडे बघून एवढंच म्हणाली, "हात कशाला बांधलेत?"

"मावशी, त्याच्याच भल्यासाठी," कॉलरभाऊ म्हणाला. परत येताना गाडीत शीळ घालत होता मेला. माझं डोकं असं सणकलं म्हणता!

मग मागच्या महिन्यातला दुसरा मंगळवार. रात्रीचा एक वाजून गेलेला. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायला आम्ही दोघंच निघालो. हा मागे बाकावर लवंडला. रस्ता मोकळा, मी आपला निवांत.

मागून आवाज आला. "काढ..."

"काय काढू रे?" मी विचारलं.

"मी कुठं काय बोललो?" तो हसला.

थोड्या वेळानं पुन्हा. "काढ..."

ह्या खेपेला तो हसला नाही.

मग पट्टा ओढल्याचा आवाज. चर्रर्र... मग पाय आपटल्याचा. मग...

काहीच नाही.

गाडी थांबवली. मागं धावलो. दार उघडेना. आतून कडी. हाका मारल्या... ओ नाही. शेवटी पान्यानं काच फोडून कडी काढली.

स्ट्रेचरवर पडलेला. मानेला पट्टा. चेहरा काळानिळा.

कात्रीनं पट्टा कापला. वाचला. पण वाचा गेली ती गेलीच. खरं सांगू? मला कीव आली नाही. त्या माउलीचा चेहराच डोळ्यांपुढं होता.

लोक म्हणतात, त्यानं स्वतःच बांधून घेतलं असेल, डोकं फिरलं असेल. असेल बाबा. पट्टा माणूस स्वतः बांधेल. एक हातही बांधेल स्ट्रेचरला.

त्याचे दोन्ही बांधलेले होते रे.