संत अंतोनीच्या कडेवरचं बाळ

राजवाड्याच्या चॅपेलमधून संत अंतोनीच्या कडेवरचं बाळ येशू दुपारी एक ते दोनच्या दरम्यान नाहीसं झालं. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा हा संत, आणि त्याचंच मूल हरवलेलं. शिवाय तो भिंतीकडे तोंड करून उभा.

"पाचला बिशप येतायत," राजवाडा-संग्रहालयाचे संचालक म्हणाले. "तोवर बाळ मिळालं नाही तर बेल्मीरूची नोकरी गेली."

एकेचाळीस वर्षांचा पहारेकरी बेल्मीरू मान खाली घालून उभा होता.

खासगी तपासनीस झुल्मीराबाईंनी मूर्ती न्याहाळली. "डोक्यामागचं चांदीचं वलय तसंच आहे."

"चोर घाईत असेल," त्यांचा सहकारी आन्सेल्मू म्हणाला.

"आणि घाईत संताला फिरवत बसला?"

बेल्मीरूच्या खोलीत टेबलावर एक वाडगा आणि दोन चमचे होते.

"मी इथं जेवत होतो. आई रोज कोबीचं सूप आणते."

"तासभर सूप?"

"गरम असतं," तो लाल होत म्हणाला.

गाइड लेओकाडिया म्हणाली, "दोनला लोकांना घेऊन आले, तेव्हा बाळ नव्हतं. त्याआधी जेवत होते... इथंच कुठंतरी."

"हीच!" आन्सेल्मू कुजबुजला. "बिनलग्नाच्या पोरी अंतोनीचं बाळ पळवतात. नवरा दे, मूल घे! माझ्या बहिणीनं तर त्याला विहिरीत उलटा टांगला होता."

"मिळाला नवरा?"

"मिळाला की. आता त्याला टांगावंसं वाटतं तिला."

बेल्मीरूची आई ग्रासिंदा चॅपेलमधल्या बाकावर बसली होती. मांडीवर लोकरी शालीत गुंडाळलेलं पातेलं.

"तो जेवतो तोवर मी चॅपेलमध्ये जपमाळ ओढते."

"सूप उरलं का?"

"थेंब नाही! चमचा एकच देते, तरी हल्ली पातेलं चाटूनपुसून."

उठताना तिनं मरियेच्या मूर्तीपुढं क्रूसाची खूण केली. अंतोनीकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

साडेचारला झुल्मीराबाईंनी सगळ्यांना गोळा केलं.

"चांदी सोडली, संताला शिक्षा केली. म्हणजे ही चोरी नाही, नवस आहे. पण लग्नाचा नवस स्वतःसाठीच बोलतात असं थोडंच आहे? अंतोनीवर रुसलेलं इथं एकच माणूस. आणि ग्रासिंदाबाई, रिकाम्या पातेल्यात थंड होण्यासारखं काय असतं हो?"

ग्रासिंदानं पातेलं छातीशी धरलं. "बाळाला गारठा लागला असता! आणि मी नाही देणार. आधी सून!"

"आई, नोकरी जाईल माझी!"

"नोकरी असून तरी सून कुठं मिळतेय!"

"मिळालीय," झुल्मीराबाई म्हणाल्या. "चमचा तुम्ही एकच देता. टेबलावर दोन होते."

सगळ्यांच्या माना लेओकाडियाकडं वळल्या.

"मीठ जरा कमी असतं, आई," ती हळूच म्हणाली.

ग्रासिंदानं तिला नखशिखांत न्याहाळलं. मग बाळ संताच्या कडेवर ठेवलं, संताला सरळ केलं आणि क्रूसाची खूण केली.

बिशपची गाडी फाटकात शिरली तरी ती मूर्तीपुढून हलेना.

"आणि नातू कधी?" ती संताला विचारत होती.

बेल्मीरूनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.