उंबऱ्याबाहेरच्या चपला

"अडुसष्ट," डॉ. भानुदास कांडेकर म्हणाले. "हवेत पाऊणशे. यादी पाचला बंद होते. सोड आता तो नाद, ऋजुता."

नभोयान नियंत्रण केंद्राच्या प्रयोगशाळेत दोघंच होती. पडद्यावर सकाळच्या मुलाखतीचं चित्रण थांबवलेलं होतं. सुरगाण्याची सुगंधा भोये, यान-नियंत्रकपदाची उमेदवार, दारातून आत येत होती. पुढच्या महिन्यात तिची वयोमर्यादा संपणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. तिला प्रश्न विचारले आणि गुण दिले ते कुणा माणसानं नव्हे, परीक्षक-प्रतिरूपानं.

हे प्रतिरूप कांडेकरांचंच. एकोणीस वर्षांत त्यांनी घेतलेल्या चार हजार मुलाखतींची चित्रणं आणि दिलेले गुण यंत्राला दाखवले, आणि यंत्र त्यांच्यासारखं पारखायला शिकलं. सरांच्या निःपक्षपातीपणाची ख्यातीच अशी, की दुसऱ्या कुणाची प्रत काढावी हे कुणाच्या मनातही आलं नाही. सरांनाही त्याचा केवढा अभिमान!

"सर, भरकटलेलं यान सावरायच्या परीक्षेत ती पहिली आलीय. मग मुलाखतीत अडुसष्ट का?" ऋजुता सातपुते त्यांची सहायक, पण हट्टी. "यंत्र कारण सांगत नाही, नुसते गुण देतं. आपण एक-बदल चाचणी करू. चित्रण तेच, उत्तरं तीच, फक्त एक गोष्ट बदलायची. गुण हलले, तर त्या गोष्टीला तुमच्या मनात वजन आहे."

"कर की. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिनं आडनाव बदललं. अडुसष्ट. गाव बदललं. अडुसष्ट. बोलण्यातला हेल पुसून टाकला. तरी अडुसष्टच.

"बघ!" सर खुशीत आले. "उभ्या आयुष्यात कुणाची जात पाहिली नाही मी, की गाव."

"अजून एकच." चित्रणात सुगंधा दाराबाहेर चपला काढून अनवाणी आत येत होती. ऋजुतानं तिच्या पायांत चपला चढवल्या. बाकी काही केसभरही हलवलं नाही.

एकोणऐंशी.

"छे! काहीतरी चुकतंय." सरांनी तिला जुनी चित्रणं काढायला लावली, त्यांनी स्वतः गुण दिलेली. एक, दोन, चाळीस. अनवाणी आलेला प्रत्येक जण तशीच उत्तरं देणाऱ्या इतरांपेक्षा दहा-अकरा गुणांनी खाली. शेरे त्यांच्याच अक्षरात होते : 'ठामपणा नाही.' 'दबून राहील.'

कांडेकर खुर्चीत बसले. त्यांचे वडील कचेरीत कोतवाल, म्हणजे सांगकामे, होते. साहेबाच्या दाराबाहेर वहाणा काढायचे आणि आत जाऊन हात जोडून शिव्या खायचे. लहानपणी कांडेकरांना वडिलांची भयंकर लाज वाटायची. ती लाज त्यांनी आजवर जपली होती, आणि तिच्यापायी किती जणांना घरी पाठवलं याची मोजदाद नव्हती. त्यांना ऋजुताकडे बघवेना.

"एकोणऐंशी लिही," ते कसेबसे म्हणाले. "यादीत नाव घाल तिचं. आणि ते चार हजार पुन्हा काढ. सगळे." मग त्यांनी विचारलं, "पण बदलण्यासारख्या हजार गोष्टी होत्या. तुला नेमक्या चपलाच कशा सुचल्या?"

ऋजुतानं नाव लिहिलं. मान वर केली नाही.

"माझ्या मुलाखतीला मीही काढल्या होत्या, सर. दारावरचे लहानूमामा म्हणाले, 'घाल पोरी परत. अनवाणी गेलेलं कुणी लागत नाही इथं.' मी घातल्या, आणि लागले."

"अगं, सहा वर्षं झाली त्याला!"

"हो. माझं काम झालं होतं ना, बसले गप्प. मेली लाज वाटते सांगायला. सकाळी ही आत येताना पाहिली आणि राहवलं नाही."

सरांनी घंटी दाबली. दारावरचे शिपाई लहानूमामा आत येऊन उभे राहिले.

"मामा, सुगंधा भोयेला का नाही सांगितलंत, चपला घाल म्हणून?"

"सांगितलं की साहेब. ती म्हणाली, आमच्याकडं खळ्यावर वहाणा घालून जात नाहीत. जिथं काम करायचं तिथं नाही घालणार, नोकरी मिळो न मिळो. पुढं काय बोलणार मी?"

"आणि मला? एकोणीस वर्षांत मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

लहानूमामा गोंधळले. त्यांनी आधी ऋजुताकडे पाहिलं, मग सरांकडे.

"तीनदा सांगितलं, साहेब. पहिल्याच वर्षी सांगितलं. मग त्या पाटोद्याच्या बाई रडत गेल्या तेव्हा. आणि हे यंत्र आलं त्या दिवशी. तुम्ही 'हं' म्हणालात."

कांडेकरांनी आठवून पाहिलं. या माणसानं आजवर सांगितलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. त्यांची नजर खाली गेली. लहानूमामा अनवाणी उभे होते, रोजच्यासारखे.