ऋषीच्या फाइलमधला कागद

पाण्याचा ग्लास पुढे केला, तरी ऋतुजाने त्याला हात लावला नाही.

"आमची बाई माझ्या मुलाला काहीतरी देते," ती म्हणाली. "उद्या पोलिसांत जाणार आहे. त्याआधी पुरावा हवा."

सुखदेवने वही उघडली. हवालदारकीतून निवृत्त होऊन तो प्रियदर्शनी जगतापांच्या कोथरूडच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात लागला, त्याला चार वर्षं झाली होती. नवऱ्यांचे पाठलाग, लग्नाआधीच्या चौकशा. संध्याकाळपर्यंत पायांआधी मनच थकायचं.

ऋषी बावीस महिन्यांचा. पहिल्या वाढदिवसानंतर 'बाबा', 'पाणी' असे पाच-सहा शब्द बोलायचा. ते हळूहळू बंद झाले. हाकेला मान वळवत नाही. "गुंगीत असल्यासारखा असतो," ऋतुजा म्हणाली. "मुक्ताबाई दिवाळीत कामाला आल्या, त्यानंतरच हे सुरू झालं. पृथ्वीराज, माझा नवरा, म्हणाला बाईवर लक्ष ठेव. कॅमेरा लावला, पण स्वयंपाकघर त्यात येत नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?" प्रियदर्शनीने विचारलं.

"दीड वर्षाच्या तपासणीला पृथ्वीराज घेऊन गेला होता. मी बंगळूरला होते. सगळं ठीक आहे म्हणाले."

दुपारी प्रियदर्शनी आणि सुखदेव तिच्या फ्लॅटवर पोचले. ऋषी फरशीवर खेळण्यातल्या गाड्या एका रांगेत लावत होता. सुखदेवने तीनदा हाक मारली. पोराने वर पाहिलं नाही. तेवढ्यात आत बिस्किटाचा पुडा उघडल्याचा आवाज झाला आणि ते न अडखळता तिकडे पळालं. परत आल्यावर त्याने सुखदेवचं मनगट धरलं, चेहऱ्याकडे न बघता त्याला पंख्याच्या बटणापर्यंत ओढत नेलं आणि त्याचा हात वर ढकलला. सुखदेवने बटण दाबलं. ऋषी पंख्याकडे बघत राहिला.

मुक्ताबाई कात्रजकडच्या. त्या शांतपणे उत्तरं देत होत्या.

"गुंगीचं दिलं असतं तर दुपारी डोळा तरी मिटला असता, ताई. झोपतच न्हाई लेकरू. रांगेतली एक गाडी हलली तर तासभर रडतंय. म्या सांगितलं साहेबांना. ते म्हणाले, मॅडमना सांगू नका, टेन्शन घेतील."

पृथ्वीराज त्या दिवशी घरूनच काम करत होता. लॅपटॉप मिटून तो बाहेर आला.

"मुलगे उशिरा बोलतात," तो म्हणाला. "मी स्वतः चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. आता बोटाने दाखवत नाही, म्हणून काय लगेच..." तो थांबला. "बाई बदलली की होईल ठीक."

प्रियदर्शनीने ऋषीची दवाखान्याची फाइल चाळली. मग वाढदिवसाचा व्हिडिओ मागून घेतला आणि दोनदा पाहिला. केकभोवती वीस माणसं 'ऋषी, ऋषी' करत होती आणि तो पंख्याकडे बघत होता.

"सुखदेवराव, सगळ्यांना बसवा. बाईंनाही."

मुक्ताबाई खाली बसू लागल्या. प्रियदर्शनीने त्यांना खुर्ची दिली.

"ज्याला गुंगी दिली आहे तो दुपारभर जागा राहत नाही, आणि असा सरळ पळतही नाही. बिस्किटाचा पुडा आतल्या खोलीतून ऐकू येतो, म्हणजे कानांत मोठा दोष दिसत नाही. तरी ते तपासून घ्या. हाकेला न बघणं तर वाढदिवसाच्या व्हिडिओतही आहे. तेव्हा मुक्ताबाई या घरात आलेल्याच नव्हत्या."

प्रियदर्शनीने फरशीकडे बोट दाखवलं.

"गाड्यांची रांग, आलेले शब्द जाणं, हवं ते मागायला दुसऱ्याचा हात ओढणं. एकेक सुटं घेतलं तर कुठल्याही मुलात सापडेल. इथे सगळं एकत्र आहे. हे ऑटिझम असेल किंवा नसेल, ते तज्ज्ञ सांगतील. पण तपासायला हवं, आणि लवकर."

"पण डॉक्टर ठीक म्हणाले ना?" ऋतुजा म्हणाली.

"फाइलमध्ये दीड वर्षाच्या तपासणीचा कागद नाही. क्लिपपाशी त्याचा फाटका कोपरा तेवढा राहिलाय. कोणीतरी ओढून काढलाय." प्रियदर्शनी पृथ्वीराजकडे वळली. "बोटाने दाखवत नाही, असं तुम्ही म्हणालात. ऋतुजाने ते सांगितलं नव्हतं, बाईंनीही नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. या वयाच्या तपासणीत डॉक्टर पालकांना विचारतात, मूल बोटाने वस्तू दाखवतं का. तुम्ही तेव्हाच 'नाही' म्हणाला असणार."

सुखदेवला वाटलं, हा आता चिडेल. चोर पकडल्यावर चिडतातच. पृथ्वीराज मात्र उठला, ऑफिसच्या बॅगेतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"तज्ज्ञांना दाखवा, असं लिहिलंय," तो म्हणाला. "वाटलं, माझ्यासारखाच बोलेल. रोज वाटायचं, आज बोलेल. बाईंवर ढकललं की तेवढे दिवस मिळत होते."

"चार महिने, पृथ्वी," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढायला त्राणच नव्हतं.

"गुन्हा असता तर काम सोपं होतं," प्रियदर्शनी सुखदेवला हळूच म्हणाली आणि पर्स उचलली.

ऋतुजाने कागदावरचा तज्ज्ञांचा नंबर लावला. पलीकडून बरंच काही विचारत होते. कधी उठतो, काय खातो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिने दिली. तिसऱ्याला ती अडली.

तिने फोन मुक्ताबाईंपुढे धरला. "मला माफ करा," ती म्हणाली. "हे तुम्हीच सांगा."

मुक्ताबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. पदराला हात पुसून फोन घेतला.

"मिक्सरला घाबरतो बघा," त्या सांगू लागल्या. "आधी त्याला बाल्कनीत न्यावं लागतं."