कुटार भरलेली वगार

भुरी म्हशीची महिन्याभराची वगार मेली तेव्हा रंगूबाईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. कातडं मीठ लावून वाळवलं, आत वाळल्या भुशाचं कुटार ठासलं, पोट स्वतः सुतळीनं शिवलं आणि मेडशी गावातल्या आपल्या गोठ्यात भुरीपुढं उभं केलं. भुरीनं हुंगलं, चाटलं आणि पान्हा सोडला.

"जनावर येडं असते, सूनबाई," रंगूबाई म्हणाली. "वास आपला आला का झालं."

रंगूबाईच्या लिव्हरवर गाठ होती. औषध लागू पडलं नाही तर दिवाळी दिसणार नाही, असं डॉक्टर बोलला होता. नातीवर अक्षता टाकल्याबगर आपण हालत नाही, असं तिनं त्याला तोंडावर सुनावलं. तीच नात, मंजुषा, नागपूरला औषधाच्या लॅबमध्ये होती.

"आजी, तुह्यंच रक्त काढलं. पेशी फोडून आतलं धुऊन टाकलं अन् नुसत्या सालीत औषधाचे कण भरले. डोळ्याले दिसत नाई इतके बारीक. शरीर त्याले आपलंच समजते, हाकलत नाई."

"मंग हे तं माह्या वगारीसारखंच झालं वं!"

"तसंच. त्या रिकाम्या सालीले आमी लॅबमधी भूत म्हणतो."

रंगूबाई खो खो हसली. हसता हसता थांबली.

"आन् आतलं रगत कुठी गेलं?"

"गेलं वाहून. कायले पाह्यजे तुले?"

नागपूरला शिरेतून चढवलेल्या पहिल्या बाटलीनं ताप उतरला. दुसरीनं भाकरीला चव आली. संध्याकाळी ओट्यावर सून पायांवर फटाफट मच्छर मारी. रंगूबाईच्या अंगावर मात्र ते टेकत आणि तसेच उडत.

"तुमचं रगत कडू हाये, आत्याबाई."

"तुह्या चायपेक्षा गोडच असन."

तिसऱ्या बाटलीनंतर ती धार काढायला बसली. भुरीनं वगारीकडून तोंड फिरवलं, रंगूबाईचा खांदा हुंगला आणि खरखरीत जिभेनं तिची मान चाटायला लागली. हात लावला नव्हता, तरी सडांतून दूध ठिबकायला लागलं.

सून हसली. रंगूबाई हसली नाही. जीभ फिरली तिथं, कातडीखाली, काहीतरी करकरलं होतं. वाळलेलं.

तिनं मंजुषाला फोन लावला.

"गाठ अर्धीच राह्यली, आजी! उद्याची बाटली शेवटची. मी येतो तुले घ्याले."

"नाई घेतली तं?"

"तं वाढन पुन्हा. माह्या लग्नात तू पाह्यजे ना?"

रंगूबाईनं फोन ठेवला.

दिवेलागणीला ती गोठ्यात गेली. वगार कोपऱ्यात कलंडली होती. तिच्या पोटावर काळं काहीतरी हलत होतं.

मोबाईलचा उजेड पाडला. मच्छर. दाटीवाटीनं बसलेले, फुगलेले.

"कुटारात काय चाखून राह्यले रे, मेल्याहो?"

तिनं चापट मारली.

तळहात लाल झाला. रगत कोमट होतं.

गेलं वाहून, असं मंजुषा बोलली होती. रंगूबाईनं हात पदराला पुसला आणि उद्या नागपूरला नेसायचं लुगडं काढायला ती घराकडं वळली.

मागून भुरी रेकली. वगार जिती असताना तिच्यासाठी रेकायची, तशी.