पाचव्या खोलीची ऊब

आमच्या घरात चार खोल्या आहेत. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, आईची खोली आणि माझी. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण जमिनी आणि इमारती मोजणं हाच माझा व्यवसाय आहे आणि या घराचा नकाशाही मीच काढला आहे.

छतावरचे सोलर पॅनल, जिन्याखालची कपाटाएवढी बॅटरी आणि मागच्या भिंतीला लागून बसवलेला हीटपंप, ही सगळी दादाची कृपा. दादा परगावी असतो. आईची छाती नाजूक. गारठा लागला की खोकल्याची उबळ यायची आणि तिला श्वास पुरायचा नाही. यापुढे तशी मोठी उबळ तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. दादाने यंत्रं पाठवली, स्वतः काही आला नाही. मोबाइलवर मात्र तिथून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचा. "छोटे, वॉशिंग मशीन आत्ताच लाव, ऊन फुकट चाललंय," असा त्याचा फोन आला की मला हसू यायचं आणि रागही. पन्नाशी उलटली तरी घरात मी छोटीच, आणि आईचं सगळं बघायला तेवढी मोठी.

हीटपंपाचं काम तसं साधं आहे. बाहेरच्या थंड हवेत जी काही थोडी ऊब असते ती तो ओढून घेतो आणि गरम पाण्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरपर्यंत पोचवतो. कुठल्या खोलीला किती ऊब द्यायची ते मोबाइलवर ठरवायचं.

मग ढगाळ दिवस सुरू झाले. पॅनल जेमतेम काम करत होते, म्हणून मी वीज जपून वापरायला लागले. आईची खोली सोडून सगळीकडची ऊब कमी केली, घरात लोकरी मोजे घालून वावरले. तरीही दुपारी बॅटरी तळाला जायची. शेवटी चष्मा लावून मोबाइल नीट बघितला. माझ्या खोलीच्या नावाखाली आणखी एक नाव होतं, 'खोली ५'. तिथलं तापमान आईच्या खोलीपेक्षाही जास्त होतं.

पंपवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीतलं झाकण उघडून मला नळ्या दाखवल्या.

"ताई, चारच आहेत. पाचवी जोडणार कुठून? मोबाइलमध्ये चुकून पडली असेल." त्याने ती खोली काढून टाकली. जाताना मात्र तो बाहेरच्या यंत्रापाशी बराच वेळ कान देऊन उभा राहिला. "एवढ्याशा घराला हा इतका का दमतोय, ते काही कळत नाही."

बाबा रे, मी मनात म्हटलं, या घरात तो एकटाच दमलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवी खोली परत आली. मी ती बंद करायची आणि आईला औषध देऊन येईपर्यंत ती पुन्हा चालू झालेली असायची. वाटलं, दादाच तिकडून काहीतरी खटाटोप करत असणार.

"मी कशाला हात लावू?" तो म्हणाला. "मला वाटलं, तूच करतेयस."

मग मी सुट्टी घेऊन घर मोजायला काढलं. बाहेरून, आतून, भिंतींची जाडी, जिन्याखालची पोकळी, छताखालचा माळा. आई पलंगावरून गंमत बघत होती. "स्वतःच्याच घरात चोर शोधतेस होय गं?" म्हणाली. बेरीज चोख जुळली. वीतभर जागाही शिल्लक राहिली नाही.

त्याच आठवड्यात आईच्या खोलीतला रेडिएटर गार पडला. हात लावला तर लोखंड नुसतं बर्फ. घरातली सगळी पांघरुणं गोळा करून मी धावत आले, तर आईने अंगावरची शालही बाजूला टाकलेली. गाल लाल, कपाळावर बारीक घाम.

"पांघरूण नको गं," ती म्हणाली. "इथे छान ऊब आहे."

माझ्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या तोंडातून नाही.

मोबाइल बघितला. खोल्या पुन्हा चारच होत्या. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, माझी खोली आणि खोली ५. आईच्या खोलीचं नाव कुठेच नव्हतं.

पंपवाल्याला परत बोलवायला हवं होतं. पण त्या दिवसापासून आईचा खोकला थांबला. कित्येक महिन्यांनी मी सलग झोपले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि मी पुन्हा कशालाही हात लावला नाही.

नंतर वादळ झालं. रस्त्यावरच्या तारा तुटल्या आणि घर बॅटरीवर आलं. त्या दुपारी बॅटरी संपत आली, तशी मी आईच्या खोलीत गेले.

"आई, चल, माझ्या खोलीत निजतेस का? तिथे अजून थोडी ऊब आहे."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं मागे बघितलं.

"तू बाहेर गारठ्यात का उभी राहिलीस? आत ये ना."

मी तिच्या पलंगाला टेकून उभी होते. तिचा हात माझ्या हातात होता.

"आतच आहे गं मी."

"येत नसशील तर दार लावून घेते," ती समजुतीने म्हणाली. "ऊब जाते सगळी."

तिने डोळे मिटले. उबळ नाही, धाप नाही. हात मात्र हळूहळू खोलीएवढा गार झाला.

दादा आला. चार दिवस राहिला, लहान मुलासारखा रडला आणि परत गेला. वीज आली, ऊन पडायला लागलं. मी कामावर जायला लागले.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"छोटे, बॅटरी अजूनही उतरतेय. ती पाचवी खोली बंद करून टाक ना. आता कोणासाठी ठेवायची?"

"राहू दे, दादा."

"वेडी आहेस का? थांब, मी इथूनच करतो."

मागच्या बाजूला यंत्राचा पंखा मंदावला. थांबला. घर गप्प झालं.

मग खोकला ऐकू आला. आधी एकदाच. मग थांबून पुन्हा. मग न थांबणारी उबळ.

आवाज कुठून येत होता ते मला सांगता येणार नाही. मी मोजून सांगणारी बाई आहे, तरीही नाही.

"छोटे," दादा फोनवर म्हणाला. "तिथे कोण खोकतंय?"

मी फोन कानापासून काढून घरात पुढे धरला.

थोड्या वेळाने मागचा पंखा फिरायला लागला. खोकला कमी होत थांबला. मी मोबाइल बघितला. दादाने पाचवी खोली पुन्हा चालू केली होती, आणि आधीपेक्षा दोन अंश जास्त ठेवली होती.