तांदळात लिहिलेलं नाव

स्टीलच्या ताटात ठेवलेला मोबाइल थरथरला आणि सकाळपासून मुकं झालेलं स्वयंपाकघर खडखडून जागं झालं. इरावतीचे दोन्ही हात कणकेत बरबटलेले. तिने फोनकडे पाहिलंही नाही. तिची नजर दारात उभ्या नणंदेवर, सलोनीवर खिळली होती. कोपऱ्यात सासूबाई, कुमुदताई, इरावतीच्या पाच वर्षांच्या लेकीला, दुर्वाला घेऊन मटार सोलत बसल्या होत्या.

पत्रकारितेची शिष्यवृत्ती मिळवणारी घरातली पहिली मुलगी म्हणून सलोनीचं केवढं कौतुक! आणि आज चहा पिता पिता तिने सांगून टाकलं, की मी सोडून देते. बरगी धरणावर मासे पकडणाऱ्या बायांवरची तिची बातमी मार्गदर्शक नंदाताईंनी पुन्हा पुन्हा परत पाठवली होती, ‘यात बाया कुठे आहेत?’ एवढंच विचारून. संध्याकाळपर्यंत बातमी गेली नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

“एकदा अजून वाचून पाहा ना,” इरावती हळूच म्हणाली.

“काहून वाचू? वहिनी, तुमच्या पोळ्या छान होतात. बातमीतलं तुम्हाला काय समजते?”

इरावती पुन्हा कणीक मळू लागली. फोन पुन्हा खडखडला. “घ्या, बोला,” म्हणत सलोनीनेच तो उचलून स्पीकरवर लावला.

“मैत्रेयी, पोरगी लिहायला बसली की नाही? तू म्हणालीस म्हणून मी कडक वागून राहिले, बरं.”

आवाज नंदाताईंचा होता. सलोनीने गडबडीने फोन कापला. तिच्या टेबलामागच्या भिंतीला एक कात्रण चिकटवलेलं होतं, नंदाताईंनी पहिल्याच दिवशी दिलेलं, ‘असं लिहायला शीक’ म्हणून... गोहलपूर वस्तीतल्या विड्या वळणाऱ्या बायांची बातमी. वर नाव होतं, मैत्रेयी घाटे.

“कोण मैत्रेयी?”

“तुझी वहिनीच,” मटारवरची नजर न उचलता कुमुदताई म्हणाल्या. “लग्नात ताटात तांदूळ पसरून तुझ्या अंबरीशदादाने इरावती लिहिलं ना, त्याआधीचं नाव. तू लहान होतीस तेव्हा.”

लग्नाआधी हीच शिष्यवृत्ती, नंदाताईंच्याच हाताखाली, मैत्रेयीलाही मिळाली होती. पण लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि ती त्यांच्या उशाशी बसली ती बसलीच... त्या नावासकट तिची लेखणीही कुठेतरी हरवून गेली. घरात कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

“सांगितलं काहून नाही, वहिनी?” सलोनीचे डोळे भरून आले होते.

“तुझी निवड तुझ्या हुशारीने झाली. मी नंदाताईंना एवढंच म्हटलं, हिला सोडू नका. मला नव्हतं कुणी धरून ठेवायला.” इरावतीने परातीतले हात झटकले. “आता सांग, त्या बाया काय म्हणाल्या?”

“लिहिलं आहे ना. गणपतची बायको म्हणाली, की...”

“तिचं नाव?”

सलोनी खालच्या आवाजात म्हणाली, “विचारलंच नाही.”

“कर फोन.”

पलीकडून आधी नुसतं हसूच ऐकू आलं. “हमाओ नाव? बहुत दिना भए, कोऊ ने नईं पूछो.” कितीतरी दिवसांत तिला कुणी नाव विचारलंच नव्हतं. मग सावकाश, “फूलबाई.”

सलोनी डोळे पुसून टेबलाशी बसली. इरावती पोळपाटाकडे वळली, तर कुमुदताईंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. “चलो, हो बाजूला. माझ्या पोळ्या वाकड्या होतील, खातील गुपचूप. तू तिच्याजवळ बस, मैत्रेयी.”

किती वर्षांनी त्या घरातल्या कुणी ते नाव मोठ्याने घेतलं! इरावती सलोनीशेजारी जाऊन बसली. ऊन कलेपर्यंत दोघी शब्दाशब्दावर भांडत होत्या, हसत होत्या. बातमीत फूलबाई आली, तिच्या पाठोपाठ बाकीच्या आल्या, आपापल्या नावानिशी. संध्याकाळी बातमी गेली आणि नंदाताईंचं उत्तर आलं, ‘आता दिसल्या.’

सलोनीने वहिनीला कडकडून मिठी मारली. तेवढ्यात खुर्चीवर चढलेली दुर्वा भिंतीवरच्या कात्रणावर बोट फिरवत अक्षरं जुळवू लागली. मै... त्रे... यी. मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

“आई, ही मैत्रेयी आता कुठे राहते?”